पितळी पुंगळीचे बदलते आकार

रायफलच्या काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी. बार उडाला की टोपीतला ठिणगी देणारा मसाला आणि दारू जळून जातात, गोळी नळीतून निघून जाते आणि वापरलेल्या टोपीसह पुंगळी तेवढी उरते. बार उडतानाही तिचे काम मोठे असते. दारूच्या दाबाने ती क्षणभर फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्याच्या, भिंतीला चिकटते आणि वायूची मागची वाट बंद करते. दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि सुटी होते. म्हणून पुंगळीचे माप चेंबरच्या मापाशी जुळावेच लागते. सैल पुंगळी फाटते, घट्ट पुंगळी आत बसतच नाही किंवा बसली तर अडकून राहते.

एका चेंबरसाठी घडवलेली पुंगळी दुसऱ्या चेंबरच्या मापाची करण्याचे तंत्र या गरजेतून आले. गळा आवळणे, गळ्याखालचा उतरता खांदा मागे सारणे, लांबी कापणे आणि कडक झालेले पितळ पुन्हा मऊ करणे या त्याच्या मुख्य क्रिया. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हे तंत्र हौशी नेमबाजांनी आणि छोट्या बंदूककारांनी वाढवले. भारतात ते सरकारी कारखान्यांत राहिले, आणि कोणत्या आकाराचे काडतूस कोणाच्या हाती जावे हे कायद्याने ठरवले. या इतिहासाचा मोठा भाग महाराष्ट्रात, खडकी, अंबरनाथ आणि वरणगाव येथे घडला.

ठासणीचा काळ

पितळी काडतुसाच्या आधी दारूगोळा तयार स्थितीतच वाहून न्यावा लागे असे नाही. ठासणीच्या बंदुकीला सुटी दारू, शिशाची गोळी आणि थोडा कागद किंवा चिंधी पुरे. शिसे कुठेही वितळवून साच्यात ओतता येई. फौजेला खरी अडचण पडे ती धान्याची आणि मिठाची, आणि ती लमाणांचे तांडे भागवत.   वऱ्हाडचा सारा मुलूख बैलांच्या पाठीवरून चालणाऱ्या या वाहतुकीच्या ओळखीचा होता. १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज तेथे लढली. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्या मोहिमेत वेलस्लीची भिस्त धान्यासाठी लमाणांच्या बैलांवर होती.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बंदूक पालटली. नळीच्या आत पेच कोरलेली एन्फिल्ड रायफल आली, तिच्याबरोबर चरबी लावलेले कागदी काडतूस आले, आणि १८५७च्या उठावात त्या काडतुसाने बजावलेली भूमिका सर्वपरिचित आहे. कागदी काडतूस शिपायाला दातांनी फोडावे लागे आणि दमट हवेत ते खराब होई. मागून भरायच्या रायफली आल्यावर धातूची पुंगळी अपरिहार्य झाली, कारण मागे उघडणारी नळी बार उडताना बंद ठेवण्याचे काम दुसरे काहीच इतके चांगले करत नव्हते. पण अशी पुंगळी छावणीत बनवता येत नाही. तिला कारखाना लागतो आणि कारखान्यातून छावणीपर्यंत रेल्वे लागते. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. फौजेची रसद आगगाडीवर गेली आणि लमाणांच्या बैलांचा पिढीजात व्यवसाय ओसरला.

खडकीचा कारखाना

पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. बंगालमध्ये डमडमचा कारखाना १८४६पासून होता. पश्चिम भारताला खडकीचा झाला. तेव्हा ब्रिटिश फौजेकडे .५७७ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, येथे इंचांत) स्नायडर रायफल होती आणि तिचे काडतूस कर्नल बॉक्सर यांनी आखलेले होते. त्याची पुंगळी एकसंध नव्हती. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून नळकांडे करायचे आणि त्याला लोखंडी चकतीचे बूड जोडायचे, अशी तिची रचना होती.

१८७१ साली मार्टिनी-हेन्री रायफल आली आणि तिच्याबरोबर आकारबदलाचा पहिला मोठा नमुना आला. तिच्या काडतुसाचे नाव .५७७/४५० असे होते. पुंगळीचे पोट स्नायडरच्या .५७७ मापाचे ठेवले आणि तोंड आवळून .४५० केले. अशा बाटलीसारख्या आकाराचा फायदा असा की आखूड पुंगळीत भरपूर दारू मावते आणि गोळी मात्र बारीक व लांब वापरता येते. या काडतुसात सुमारे ५.५ ग्रॅम काळी दारू आणि सुमारे ३१ ग्रॅमची गोळी असे. एका जुन्या पुंगळीच्या पोटावर नवा गळा चढवायचा ही कल्पना येथून रूढ झाली आणि पुढची शंभर वर्षे काडतुसे आखणाऱ्यांनी ती सोडली नाही.

गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी मात्र टिकली नाही. ती सहज चेपे, तापलेल्या चेंबरमध्ये चिकटे आणि ओढताना बूड निघून येई. १८८४-८५च्या सुदान मोहिमेत ऐन लढाईत रायफली अडकल्या, आणि त्यानंतर एकाच पितळी तुकड्यातून ओढून काढलेली अखंड पुंगळी प्रचारात आली.

  

वाटीपासून पुंगळीपर्यंत

अखंड पुंगळीचे पितळ ठरलेल्या प्रमाणाचे असते: ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. या मिश्रणाला कारखान्यात काडतुसाचे पितळ असेच म्हणतात. इतके ताणले तरी न फाटणारे दुसरे स्वस्त पितळ नाही. जाड पट्टीतून गोल चकती कापतात, ती दाबून वाटी करतात, आणि ती वाटी एकाहून एक बारीक साच्यांतून ओढत नेतात. प्रत्येक ओढीला भिंत पातळ होते आणि लांबी वाढते.

ओढताना पितळ कडक होत जाते. हा गुण तांबटांना शतकानुशतके माहीत आहे. पुण्याच्या तांबट आळीत घागर ठोकणारा कारागीर मधूनच काम थांबवतो, भांडे भट्टीत लाल करतो आणि मगच पुढचे ठोके घालतो. तसे केले नाही तर पत्रा तडकतो. काडतुसाच्या कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये पुंगळ्या सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मऊ करतात. या क्रियेला अनीलिंग म्हणतात. फरक एवढाच की पुंगळी सगळीकडे सारखी मऊ ठेवून चालत नाही. बूड कडक हवे, कारण टोपीचा खड्डा आणि काढताना पकडायची कड तेथे असते. तोंड मऊ हवे, कारण ते गोळीला धरून ठेवते आणि बार उडताना सर्वांत आधी फुगते. म्हणून शेवटी फक्त तोंड आणि खांदा ज्योतीवरून फिरवतात. फौजी काडतुसाच्या गळ्याभोवती पिवळसर ते निळसर झाक दिसते ती या शेवटच्या तापवणीची. नागरी काडतुसावर ती पॉलिशने पुसून टाकतात. फौजी काडतुसावर ती ठेवतात, म्हणजे तपासनिसाला गळा तापवल्याची खूण दिसते.

ब्रिटिश फौजेने १८८८ साली .३०३ काडतूस स्वीकारले आणि थोड्याच वर्षांत त्यात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट भरायला सुरुवात झाली. कॉर्डाइट म्हणजे शेवयांसारख्या काड्यांची जुडी. ही जुडी पुंगळीच्या पोटाइतकी जाड असल्याने अरुंद गळ्यातून आत जाईना. त्यावर तोड अशी निघाली की पुंगळी सरळ नळीसारखी असतानाच जुडी आत ठेवायची आणि त्यानंतर साच्यात दाबून गळा काढायचा. म्हणजे .३०३च्या पुंगळीला आकार मिळे तो पोटात दारू असताना. एकदा दारू भरली की गळा पुन्हा तापवता येत नाही. दाबताना धातूत जो ताण शिरला तो तसाच राहतो. भारतीय कॉर्डाइटसाठी निलगिरीत अरुवंकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळा कारखाना उभा राहिला.

पावसाळ्यातल्या भेगा

पितळेतला हा दडलेला ताण किती घातक असतो हे जगाला हिंदुस्थानच्या पावसाळ्याने शिकवले. फौजी कोठारांत पावसाळाभर ठेवलेल्या काडतुसांना आपोआप लांबट भेगा पडत. कोणी त्यांना हात लावलेला नसे, बार उडवलेला नसे, तरी गळ्याशी पितळ चिरलेले सापडे. हा दोष ऋतूबरोबर येतो म्हणून धातुशास्त्रात त्याला ऋतूच्याच नावाने ओळखू लागले, आणि ते नाव आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे.

कारण कळायला वेळ लागला. घोडदळाच्या छावणीत काडतुसे बऱ्याचदा तबेल्यांच्या जवळ किंवा तबेल्यांतच ठेवत. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि ताणाखाली असलेल्या धातूच्या कणांमधल्या सीमांवर आघात करतो. ताण नसेल तर अमोनियाने पितळ नुसते काळवंडते. अमोनिया नसेल तर ताण वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. दोन्ही एकत्र आले की भेग पडते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुतज्ज्ञांनी १९२१ साली हा उलगडा मांडला. उपायही साधा निघाला: आकार दिल्यानंतर पुंगळी २५० ते ३०० अंशांपर्यंत हलकेच तापवायची. एवढ्या उष्णतेने पितळ मऊ पडत नाही, पण आतला ताण सैल होतो.

पुंगळीचा आकार बदलणाऱ्या प्रत्येकासाठी हा धडा मोलाचा ठरला. आवळलेला गळा मापात बसला म्हणजे काम संपले असे नाही. ज्या धातूला नवे वळण दिले त्याला पुन्हा उष्णता द्यावी लागते, नाहीतर आज बिनदोष दिसणारी पुंगळी वर्षभरानंतर पेटीतच चिरते. आज गंजातून पडणाऱ्या भेगांचा अभ्यास विमानांपासून बॉयलरपर्यंत सर्वत्र होतो. त्या अभ्यासातले सर्वांत जुने उदाहरण म्हणून याच काडतुसांकडे बोट दाखवले जाते.

कायद्याने ठरलेले आकार

आकार का बदलायचे, याचे उत्तर भारतात बहुधा शस्त्रकायद्याने दिले. १८७८च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगणे बंद केले. त्यापाठोपाठ सरकारला दुसरी धास्ती वाटू लागली: फौजी काडतुसे चोरीला गेली तर ती खासगी बंदुकीत चालू नयेत. त्यासाठी फौजेची बोअर आणि नागरिकांची बोअर वेगळी ठेवण्याचे धोरण आले.

१९०७च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली भारतात आणण्यास बंदी झाली, कारण मार्टिनी-हेन्रीच्या गोळ्या त्यांत वापरता आल्या असत्या. हत्ती, गवे आणि वाघ यांच्या शिकारीसाठी .४५० ही इंग्रज शिकाऱ्यांची आवडती बोअर होती. लंडनच्या बंदूककारांनी मग बंदीतून वाट काढली आणि .४५०च्या वरच्या नव्या बोअर आखल्या. .५०० बोअरच्या पुंगळीचा गळा आवळून .४७० तयार झाली; .५००/४६५ तर नावातच आपली घडण सांगते. हिंदुस्थानातल्या एका बंदीमुळे जगभरच्या मोठ्या शिकारीची काडतुसे बदलली, आणि .४७० आजही आफ्रिकेत वापरात आहे.

.३०३ फौजेचे काडतूस असल्याने तेही नागरिकांना वर्ज्य झाले. त्याची जागा घेतली ती ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मान्लिखर रायफलसाठी १८९०च्या सुमारास निघालेल्या ८ मिलिमीटर काडतुसाने. भारतात त्याला .३१५ म्हणतात. त्याची पुंगळी ५० मिलिमीटर लांब; .३०३ची ५६ मिलिमीटरहून थोडी अधिक. दोन्हींना बुडाशी कड आहे, पण .३१५चे पोट जाड असल्याने ते .३०३च्या चेंबरमध्ये शिरत नाही. कोलकात्याजवळचा इशापूरचा रायफल कारखाना .३१५ची खेळ-रायफल बनवतो. तिची रचना ली-एन्फिल्डचीच, फक्त नळी आणि चेंबर वेगळे. खडकीच्या कारखान्यातून निघणाऱ्या तिच्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे ठसवलेली असतात. परवानाधारक भारतीयांच्या कित्येक पिढ्यांना रायफल म्हणजे .३१५ एवढेच ठाऊक आहे.

पोलिसांसाठी आणखी एक बदल झाला, आणि .३०३च्या पुंगळीचे ते सर्वांत सोपे रूपांतर ठरले. जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या आतून कातून पेच काढले आणि .४१० बोअरची गुळगुळीत मस्केट तयार केली. तिचे मॅगझिन बंद करून एकेक काडतूस हाताने भरावे अशी व्यवस्था केली. तिच्यासाठी निराळी पुंगळी आखावी लागली नाही. .३०३च्या पुंगळीचा गळा दाबण्याची पायरी गाळली की जी सरळ नळी उरते, तीच .४१० मस्केटची पुंगळी. राखणदार आणि पोलिस यांच्या हाती कमी पल्ल्याचे, एकबारी हत्यार असावे, आणि ते बंडखोरांच्या हाती पडले तरी त्याने फारसे नुकसान होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

ऑस्ट्रेलियात त्याच .३०३ला उलट वाट मिळाली. न्यू साउथ वेल्समध्ये फौजी बोअर बाळगण्यावर निर्बंध आले तेव्हा तिथल्या बंदूककारांनी .३०३च्या पुंगळीचा गळा आणखी आवळून .२५ केला आणि जुन्या फौजी रायफलींना नव्या नळ्या बसवल्या. कारण दोन्हीकडे कायदाच होता. पण तिथे पुंगळी घडवण्याची मुभा सामान्य कारागिराला होती आणि भारतात नव्हती. अमेरिकेत तर अशा घडणीतूनच व्यापारी काडतुसे निघाली. १९२५ साली आलेले .२७० हे अमेरिकी फौजेच्या .३०-०६च्या घराण्यातलेच काडतूस आहे.

स्वातंत्र्यानंतर

१९५९चा शस्त्र कायदा जुन्या कायद्याच्या जागी आला, पण बोअरमधला भेद कायम राहिला. .३०३, ७.६२ मिलिमीटर आणि .४१० मस्केट ही नागरिकांसाठी निषिद्ध बोअर ठरली. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसते भरलेले काडतूस नव्हे. त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही त्यात येते. कलम ५ नुसार परवान्याशिवाय ते बनवता, विकता किंवा बदलता येत नाही. म्हणून परदेशात घराघरात चालणारे पुंगळी पुन्हा घडवण्याचे काम भारतात छंदाच्या रूपाने रुजले नाही.

तांत्रिक अडचणही होती. भारतात बनलेल्या फौजी .३०३ पुंगळ्यांना बर्डन पद्धतीची टोपी असे. तिच्या खड्ड्यात मधोमध धातूचा उंचवटा आणि बाजूंना दोन बारीक छिद्रे असतात. बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच छिद्र असते आणि आतून सळई घालून वापरलेली टोपी बाहेर ढकलता येते. बर्डनमध्ये तसे जमत नाही. पुंगळीचा गळा कितीही चांगला घडवला तरी टोपी बदलता येत नसेल तर ती निरुपयोगी.

१९६२च्या चीन युद्धानंतर शस्त्रनिर्मितीला वेग आला. १९६४ साली जळगाव जिल्ह्यात, भुसावळजवळ, वरणगावचा कारखाना रायफलींच्या दारूगोळ्यासाठी सुरू झाला. विदर्भात भंडारा, भद्रावती आणि नागपूरजवळ अंबाझरी येथे स्फोटके, तोफगोळे आणि त्यांच्या कवचांचे कारखाने त्याच दशकात आले. अलोह धातूंचे काम अंबरनाथकडे होते. १८६७ साली रेल्वेने जो पट्टा जोडला, त्याच पट्ट्यात आणि त्याच्या आसपास शंभर वर्षांनी दारूगोळ्याची ही साखळी उभी राहिली.

याच काळात भारताने ७.६२ मिलिमीटर काडतूस स्वीकारले आणि इशापूरने ली-एन्फिल्डच्या जुन्या रचनेवर २ए१ ही रायफल त्या मापात काढली. पुंगळी बदलून भागेल की बंदूकच बदलावी लागेल, हे या उदाहरणावरून नीट समजते. .३०३ची पुंगळी कडेवर टेकून चेंबरमध्ये बसते; ७.६२ला बाहेर आलेली कड नसते, ती खांद्यावर टेकते. लांबी कापता येते, गळा आवळता येतो, पण बुडाची घडण बदलत नाही. शिवाय ७.६२चा दाब जास्त. म्हणून नळी आणि चेंबरच नव्हे तर पकड, मॅगझिन आणि पोलादसुद्धा बदलावे लागले.

पुंगळीच्या आकारबदलाची खरी मर्यादा हीच आहे. धातू कमी करता येतो, वाढवता येत नाही. गळ्याकडचा भाग ऐकतो, बुडाकडचा ऐकत नाही. फौजी .३०३मधून .४१० निघाले, .५०० मधून .४७० निघाले, कारण त्यांत बूड तसेच राहिले. ७.६२ हे वेगळ्या बुडाचे असल्याने नव्या वाटीपासून सुरुवात करावी लागली. १९९०च्या दशकात इन्सास रायफलबरोबर ५.५६ मिलिमीटर काडतूस आले तेव्हाही तेच घडले.

रिकाम्या पुंगळ्यांचे भारतात काय होते, हेही या इतिहासाचा भाग आहे. सराव संपला की पोलिस आणि जवान जमिनीवरच्या पुंगळ्या वेचतात, जितके बार झाले तितक्या मोजून जमा करतात आणि त्यांचा हिशेब लिहिला जातो. एखादी कमी भरली तर मैदान पुन्हा धुंडाळले जाते. हा नियम कडक वाटतो, पण .४५०च्या बंदीपासून .४१० मस्केटपर्यंत प्रत्येक निर्णयामागे जी काळजी होती तीच त्यामागे आहे: रिकामी पुंगळी भरता आली तर तिचे पुन्हा काडतूस होते.

२०२१ साली सरकारी शस्त्र कारखान्यांची पुनर्रचना होऊन सात कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगाव हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले, तर अंबरनाथचा कारखाना नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे. बंदुकीची मापे बदलली, मालकीची नावे बदलली, तरी पुंगळीची कृती मूळचीच आहे: सत्तर-तीस पितळाची वाटी, एकामागून एक ओढी, मधल्या तापवण्या आणि शेवटी गळ्यावरची ज्योत.